पाठीवरचं झाड

काल रात्री 'बिलव्हेड' पुन्हा पाहिला. 1998 चा, जोनाथन डेमीचा, जवळजवळ तीन तासांचा. टोनी मॉरिसनची मूळ कादंबरी (1987) आधी वाचलेली असेल तर हा सिनेमा बघताना सारखी चिडचिड होते. वाईट आहे म्हणून नाही, सगळंच दाखवतो म्हणून.

गोष्ट सेथाची, अमेरिकेतल्या एका मळ्यावरच्या गुलामीतून पळालेल्या काळ्या बाईची. तिच्या पाठीवर चाबकाचे वण आहेत. पळून जाताना वाटेत भेटलेली एक गोरी पोर ते बघून म्हणते, हे तर चेरीचं झाड, हे खोड, या फांद्या. सेथाने स्वतःची पाठ कधी पाहिलेलीच नाही. अठरा वर्षांनी ती मळ्यावरच्या जुन्या सोबत्याला, पॉल डीला, सांगते ते त्या पोरीचेच शब्द. वर म्हणते, आता चेऱ्याही लागल्या असतील, कोण जाणे! पुस्तकात आपल्यालाही ती पाठ अशी ऐकीवच कळते. सिनेमात सेथा झालेल्या ओप्रा विन्फ्रेची पाठ समोर येते आणि मेकअपवाल्यांची मेहनत दिसते. झाड दिसत नाही.

सेथाने पोटची लेक स्वतःच मारलेली, तिचं भूत घरात आहे. सुरुवातीलाच ते कुत्र्याला भिंतीवर आपटतं, डोळा बाहेर येतो. पुस्तकात हे दोन-तीन वाक्यांत, घरकामाचं सांगावं तसं सांगून टाकलंय. इथे दचकवायला वापरलंय.

ज्या बाईवरून हे सुचलं ती खरी होती, मार्गारेट गार्नर. जानेवारी 1856 मध्ये गुलामी असलेल्या केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून, गुलामी नसलेल्या राज्यात, सिनसिनाटीला पोचली. पकडणारे दारात आले तेव्हा, मुलं परत गुलामीत जाऊ नयेत म्हणून, तिने पोटच्या लेकीचा गळा चिरला.

पण मला हादरवून टाकणाऱ्या पानावर रक्ताचा थेंब नाही. मळ्यावरचा मास्तर पोरांना सेथाचे दोन रकाने करायला लावतो : डावीकडे माणसाचे गुण, उजवीकडे जनावराचे. ओळी नीट जुळवा म्हणतो. आणि शाई सेथानेच बनवलेली, कारण मास्तरांना तिच्या हातची शाई आवडते! दौत दाखवता येईल हो. ते 'आवडते' कसं दाखवणार?

सिनेमा पडला. सुमारे 8 कोटी डॉलर खर्च, अमेरिकेत कमाई सव्वादोन कोटींच्या आसपास. त्याच आठवड्यात आलेल्या एका खुनी बाहुल्याच्या सिनेमाने जास्त धंदा केला. लोकांना गुलामी बघायचीच नव्हती म्हणतात. मला ते अर्धंच पटतं.

एका ठिकाणी मात्र सिनेमा पुस्तकाच्या पुढे जातो. रानातल्या मोकळ्या जागेत सेथाची सासू बेबी सग्ज जमलेल्या काळ्या लोकांना सांगते, आपल्या हातांवर प्रेम करा, तिकडे गोऱ्यांच्यात कुणी करत नाही. वाचताना मला ते जरा भाषणबाज वाटलं होतं, कबूल करते. काल बिआ रिचर्ड्सच्या आवाजात तेवढाच भाग तीनदा मागे नेऊन ऐकला.