पाय ओढला म्हणजे नसा शाबूत?

'कुत्र्याच्या नसा घरीच तपासा' हा मेसेज अखेर माझ्या मावशीपर्यंत पोचला. तिच्या कुत्रीचे मागचे पाय लटपटतायत. मावशीने मेसेजबरहुकूम तिच्या बोटांना चिमटा काढला, कुत्रीने पाय ओढला आणि मावशीने डॉक्टरांची वेळ रद्द केली. कमाल आहे!

दावा असा: पाय ओढला तर नसा ठीक, नाही ओढला तर नस मेली. हे दोन्हीकडून चूक. पाय ओढणं ही प्रतिक्षिप्त क्रिया. चिमट्याचा संदेश नसेतून मज्जारज्जूपर्यंत जातो आणि हुकूम तिथूनच स्नायूकडे परततो. मेंदूला विचारावंच लागत नाही. पाठीतली गादी सरकून मज्जारज्जू पार दबला असला, तरी कुत्रा झटक्यात पाय ओढू शकतो. दुखलं की नाही हे त्याच्या तोंडाकडे बघून कळतं: मान वळवली का, ओरडला का, चावायला आला का.

उलट, अॅक्यूट पॉलिरॅडिक्युलोन्युरायटिसमध्ये नसांची मुळं सुजतात. पाय लुळे पडतात, ओढता येत नाहीत, पण चिमटा चांगलाच कळतो; काही कुत्री तर नुसतं हात लावल्यावर किंचाळतात. मेसेजच्या हिशेबी यांची 'नस मेली'. प्रत्यक्षात यातली बरीचशी काही आठवड्यांत-महिन्यांत परत चालतात.

एवढं मान्य, की डॉक्टरही रिफ्लेक्स, म्हणजे प्रतिक्षिप्त क्रिया, बघतात. रिफ्लेक्स मंद, स्नायू सैल आणि भराभर वाळलेले दिसले की संशय नसांवर जातो. पण एका चिमट्यावर कुणी निदान करत नाही.

'रक्त नॉर्मल म्हणजे नसा नॉर्मल' हेही तसलंच. रक्तात थायरॉइडसारखं कारण सापडेल, नस कशी चाललीय ते नाही. त्यासाठी भूल देऊन ईएमजी (स्नायूंतल्या विद्युत संदेशांची नोंद) आणि नर्व्ह कंडक्शन (नसेतून संदेश कसा जातो याची तपासणी) करतात, कधी नसेचा तुकडा काढून तपासतात. आणि ईएमजीसुद्धा इजेनंतर पहिले पाच-सात दिवस साफ येऊ शकते.

मेसेज पुढे म्हणतो, 'म्हातारपणी भुंकणं घोगरं होतंच.' पण वयस्कर लॅब्राडॉरमध्ये घोगरा आवाज, धाप आणि लटपटते मागचे पाय हा अनेकदा एकाच नसांच्या आजाराचा भाग असतो.

शेवटी उपाय: 'ताकदीसाठी कच्च्या कोंबडीची मान'! मेलबर्न विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात अॅक्यूट पॉलिरॅडिक्युलोन्युरायटिस झालेल्या कुत्र्यांत कॅम्पिलोबॅक्टर जंतू असण्याची शक्यता निरोगी कुत्र्यांच्या ९.४ पट निघाली, आणि संशय कच्च्या चिकनवरच होता. सोबत 'माणसांची नसांची गोळी' सुचवलीय. अशा पुष्कळ गोळ्यांत अल्फा लिपोइक अॅसिड असतं. कुत्र्यात त्याने साखर धोकादायक खाली जाते आणि यकृतही बिघडतं.