अंजीर, गुलाब आणि 'कार्गो हब'

रविवारी माहेरी जाऊन आले. माहेर पुरंदरचं. पुण्याच्या नव्या विमानतळासाठी जी 7 गावं ठरली आहेत – वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव – त्यांतलंच एक. कोणतं ते सांगत नाही, भावाला उगाच ताप नको.

जेवणं झाली, ओट्यावर सुपारी कातरत बसलो होतो. भाऊ म्हणाला, "ताई, तू त्याच धंद्यात आहेस, खरं सांग. म्हणतात कार्गो हब होणार, आपलं अंजीर थेट युरोपात जाणार. जाईल का गं?"

बावीस वर्षं मी पुण्यात एका फॉरवर्डरच्या, म्हणजे दुसऱ्यांचा माल परदेशी पाठवून देणाऱ्या कंपनीच्या, ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघते. शिपिंग बिल, एअरवे बिल, फायटो (मालाला कीड-रोग नाही असा सरकारी दाखला), आणि रात्री अकराला येणारे "मॅडम, माल ऑफलोड झाला", म्हणजे विमानात चढलाच नाही, असले फोन. एवढ्या वर्षांत भावानं पहिल्यांदाच माझ्या कामाबद्दल काही विचारलं होतं. उत्तर द्यायला तासभर लागला. तेच इथे जरा नीट लिहिते, कारण हल्ली जो उठतो तो 'हब' म्हणतो. चहाच्या टपरीवरसुद्धा.

हब म्हणजे काय, तर जिथला माल तिथला नसतो असं ठिकाण. चारी दिशांनी विमानं येतात, मालाची अदलाबदल होते, विमानं परत जातात. आपल्याला हे नवीन नाही. 1949 मध्ये टपाल खात्यानं रात्रीची हवाई डाक सुरू केली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी चार विमानं निघायची, मध्यरात्री नागपूरला सोनेगावात एकत्र यायची, पोती इकडची तिकडे व्हायची आणि पहाटेपर्यंत चौघं आपापल्या गावी. फेडएक्सनं मेम्फिसला हाच खेळ मांडला तो 1973 मध्ये. पहिल्या रात्री 14 विमानं आणि 186 पाकिटं! म्हणजे आपले पोस्टमन चोवीस वर्षं पुढे होते.

आणि त्याच नागपूरला पुढे 'मिहान' आलं, मल्टी-मोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट. नावातला एच म्हणजेच हब. तिथे आयटी आलं, विमान दुरुस्तीचं केंद्र आलं, चांगलंच झालं. पण मध्यरात्री मालवाहू विमानांची रांग काही लागली नाही. देशाच्या मधोमध जागा असून नाही. मग पुण्याला कशी लागेल, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

पुणे हब नाही, पुणे उगम आहे. माल इथे जन्मतो. आणि उगमाच्या गरजा वेगळ्या असतात.

वजनानं बघाल तर जगाच्या व्यापारातला 1 टक्काही माल विमानानं जात नाही, पण किमतीनं बघाल तर एक तृतीयांशाच्या आसपास जातो. चाकणच्या गाड्या जहाजानं जातात. सुटे भागही जहाजानंच. विमान आठवतं ते पलीकडे कुणाच्या तरी कारखान्याची लाइन बंद पडायला आली की. मग कंपनीचा माणूस दुपारी चारला फोन करतो, भाडं कितीही होऊ दे, आज गेलंच पाहिजे. आमच्या धंद्याचा बराचसा नफा अशा दुसऱ्याच्या घाबरगुंडीवर चालतो, खोटं कशाला बोलू. पण घाबरगुंडी रोज ठरल्या वेळी येत नाही, आणि त्यावर कुणी रोजचं मालवाहू विमान लावत नाही.

कोविडच्या लशीचं उदाहरण सगळे देतात, तर तेही घ्या. 12 जानेवारी 2021. पहाटे पाचच्या आधी हडपसरहून सीरमचे तीन ट्रक निघाले, नारळ फोडून. त्या वर्षी लोहगावची, म्हणजे पुण्याच्या सध्याच्या विमानतळाची, धावपट्टी डागडुजीसाठी रात्री 8 ते सकाळी 8 बंद असायची. ऑक्टोबर 2020 पासून वर्षभर तसंच चालू होतं. तरीही त्या एका दिवसात 9 विमानांनी 13 शहरांना साडेछप्पन लाख डोस नेले. दिल्लीच्या पहिल्या विमानात 34 खोकी होती, वजन 1,088 किलो. 'छोटा हत्ती' टेम्पोला थोडं जास्त होईल, एवढंच. देशाचा जीव ज्यात अडकला होता तो माल एवढासा होता, आणि तो अर्ध्या दिवसाच्या धावपट्टीवरून गेला. कारण पोचेपर्यंतची थंडी नीट सांभाळली होती आणि कागद आधीच तयार होते.

आता दुसरी बाजू. ही माझ्या घरची म्हणा.

काही वर्षांपूर्वीचा फेब्रुवारीचा पहिला आठवडा. मावळातल्या एका शेतकऱ्याचे लाल गुलाब. पॉलिहाउसमधून पहाटे काढलेले, वीस-वीसच्या गड्ड्या, कळी घट्ट मिटलेली, 3-4 अंशांवर प्रीकूल केलेल्या. पुण्याहून युरोपला थेट विमान नाही, म्हणून नेहमीप्रमाणे रिफर गाडी (थंड डब्याचा ट्रक) मुंबईला निघाली. खंडाळ्याच्या उतारावर एक टँकर आडवा झाला होता. गाडी कट-ऑफनंतर, म्हणजे माल घ्यायची शेवटची वेळ टळल्यावर, चाळीस मिनिटांनी पोचली. बरं, इथपर्यंत नशीब म्हणू. पुढे खोकी दुसऱ्या दिवशीच्या विमानाला लावली आणि तोवर कोल्ड रूममध्ये न ठेवता बाहेर डॉकवर ठेवली. सहा तास. कुणाची गोदी, कुणाची विमान कंपनी, ते जाऊ द्या. आमच्याकडूनही पाठपुराव्यात ढिलाई झाली होती.

तिसऱ्या दिवशी खरेदीदाराचा मेल. फोटोत खोकं उघडलेलं, आणि गुलाब इतके सुंदर फुललेले की क्षणभर मला बरंच वाटलं. मग लक्षात आलं. फुललेला गुलाब म्हणजे विकता न येणारा गुलाब. खोक्यातल्या डेटा लॉगरचा, म्हणजे तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचा, आलेख सोबत होता: चारावर सरळ चाललेली रेघ आणि मग डोंगरासारखी एकोणिसावर. शेतकरी फोनवर काही बोलला नाही. एवढंच विचारलं, "भाडं तरी परत मिळंल का?" नाही मिळत. शिवाय फुलांचं भाडं वजनावर नसतं, आकारमानावर असतं. समजा खोकं 100 बाय 40 बाय 30 सेंटिमीटरचं. गुणाकाराला 6000 नं भागा, 20 किलो. काट्यावर ते बाराच भरलं तरी पैसे विसाचे.

या सगळ्यात धावपट्टीची लांबी कुठे आडवी आली? कुठेच नाही.

लोहगावची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. विमानतळ हवाई दलाचा. सुखोई उडतात तेव्हा आमच्या धानोरीतल्या घरात टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटरची, समुद्रसपाटीपासून जवळपास 600 मीटरवर. उंचावर, त्यात उन्हाळ्यात, हवा विरळ. 100 टन माल भरलेलं मोठं मालवाहू विमान इथून पूर्ण वजनानं उठणारच नाही. पुरंदरला चार-चार किलोमीटरच्या दोन धावपट्ट्यांचा आराखडा आहे तो याचमुळे, ते पठार तर आणखी उंच. प्रवाशांसाठी पुण्याला दुसरा विमानतळ लागेल हेही मला पटतं. तो वाद त्या नावानं घाला ना मग! अंजिराच्या नावानं कशाला?

कारण मालाचं गणित बदललंय. नवी मुंबईचा विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून चालू झाला. द्रुतगती मार्ग कळंबोलीला संपतो तिथून तो हाकेवर, मुंबईच्या गर्दीत शिरायची गरजच नाही. तळेगावच्या गुलाबवाल्यानं, चाकणच्या कारखान्यानं कुठे जावं? पुरंदरला किलोमीटर थोडे कमी पडतील, पण सगळं पुणे ओलांडायचं आणि वर दिवे घाट चढायचा. रिंग रोड झाला की सोपं होईल म्हणतात. होईल तेव्हा बघू. आणि विमान कंपनी माल बघून येते तशी परतीचा माल बघूनही येते. येताना रिकामं आलं तर ते भाडं जातानाच्या गुलाबावरच बसणार.

मला विचाराल तर आत्ता हवंय ते अगदी छोटं आहे. लोहगावला नाशवंत मालासाठी पुरेशी कोल्ड रूम, जिच्या दाराशी गाडी चिकटून लागेल, मधे ऊन लागणार नाही. फायटोची सही रात्री नऊलाही मिळावी. कस्टमची तपासणी इथेच होऊन सीलबंद रिफर थेट विमानाच्या दारात जावी, पलीकडे कुणी ती पुन्हा उघडू नये. आणि शेताजवळ प्रीकूलिंगचं पॅकहाउस, माल थंड करून खोक्यांत भरायची जागा. यातल्या कशाचंही भूमिपूजन टीव्हीवर दाखवण्यासारखं नाही, हीच त्याची अडचण असावी.

भावाला हे सगळं सांगितलं. तो ऐकत होता. त्याची साडेतीन एकर, त्यात अंजिराची दोनशे झाडं, काही वडिलांनी लावलेली. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा त्यानं गावात पेढे वाटले होते. मे 2025 मध्ये ड्रोन सर्वेक्षणाच्या वेळी जो लाठीमार झाला, त्याबद्दल तो बोलत नाही. क्षेत्र सात हजार एकरांवरून तीन हजारांच्या आसपास आणलंय, पण त्याचा गट त्या तीन हजारांतही आहे.

मी त्याला म्हटलं, अरे, धावपट्टी झाली तर ती तुझ्या बागेवरूनच जाईल. मग त्या विमानात अंजीर कुणाचं भरायचं?

तो हसला. मग विचारलं, "ते पॅकहाउस म्हणतेस, त्याला जागा किती लागते?"

"पाच-सहा गुंठे. गाड्या वळायला धरून."

"मग तेवढी मी देतो की," तो म्हणाला. "फुकट देतो. लिहून दे कुणाकडे अर्ज करायचा ते."

निघताना त्यानं अंजिराची पाटी दिली, खाली पानं घालून. गाडीत मांडीवर घेऊन बसले होते. हडपसर येईतो खालचा थर ओला लागायला लागला होता. अर्ज कुणाकडे करायचा ते मी दोन दिवस शोधतेय. कुणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा.