निघालेल्या माणसाचं काय होतं?

तिकडे भारतात नोकरीवरचा वाद कामाच्या तासांवर अडकलाय. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन ९० तासांवर गेले, तेही रविवार धरून. तेव्हापासून आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडलेत, आणि मी जर्मनीत राहते म्हणून दोन्ही तट मलाच साक्षीला उभं करतात. एकाला माझ्याकडून वदवून घ्यायचं असतं की इथे पाच वाजता दिवे बंद होतात. दुसऱ्याला ऐकायचं असतं की म्हणूनच यांची अर्थव्यवस्था गारठलीय.

माझं दोघांनाही म्हणणं आहे की तास जरा बाजूला ठेवा. मी एका कडक पंथात वाढले आणि विशीत बाहेर पडले. तिथे घड्याळ लावून कुणी सेवा करून घेत नव्हतं. लोक आपणहून पहाटे उठायचे, सुट्ट्या द्यायचे, अंगावरचं सोनं द्यायचे. पंथाचा माणसांवरचा ताबा कळायचा तो नाही म्हणणाऱ्याचं आणि सोडून जाणाऱ्याचं काय व्हायचं त्यावरून. माझी एक मावशी माझ्या आधी बाहेर पडली. तिला कुणी शिव्याशाप दिले नाहीत. सेवेच्या पाळ्यांच्या वहीत तिच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवली आणि त्यावर दुसरीचं नाव लिहिलं, बस. घरात तिचा विषय निघेनासा झाला. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं होतं: तिची श्रद्धा कमी पडली.

इथली माझी पहिली नोकरी एका छोट्या स्टार्टअपमध्ये होती. जर्मन कायद्याने दिवसाचे आठ तास, फार तर दहा, आणि घरी गेल्यापासून परत कामावर येईपर्यंत मध्ये अकरा तासांची विश्रांती. यातलं सगळं पाळलं जायचं. फक्त दर सोमवारी सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं आणि मागच्या आठवड्यात आपण कुठे कमी पडलो ते एकेकाने सांगायचं. संस्थापक सर्वांत शेवटी बोलायचे आणि त्यांचं काही चुकलेलं नसायचं. एकदा टेस्टिंगमधला एक जण म्हणाला, तारीखच चुकीची धरली होती, एवढ्या माणसांत हे काम होणारच नव्हतं. संस्थापक प्रेमाने म्हणाले, "ही तुझी भीती बोलतेय."

माझ्या अंगावर काटा आला. भीतीच्या जागी अहंकार घातला की हे वाक्य मला लहानपणापासून तोंडपाठ होतं. मग तारीख बरोबर होती की चूक हे कुणी बघतच नाही, चर्चा सुरू होते ती बोलणाऱ्याच्या मनात काय बिघडलंय याची. काही आठवड्यांनी तो नोकरी सोडून गेला, आणि आम्हाला सांगण्यात आलं की त्याच्याशी सध्या संपर्क नको, टीमची ऊर्जा बिघडते.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांनी १९६१ मध्ये, कम्युनिस्ट चीनमधल्या 'विचारसुधारणे'तून, म्हणजे माणसाची मतं दबावाने बदलण्याच्या मोहिमेतून, गेलेल्या लोकांशी बोलून, अशा ताब्याच्या आठ खुणा मांडल्या. सगळ्यांसमोर द्यायची कबुली ही त्यातली एक, आणि माणसाच्या अनुभवापेक्षा सिद्धांत खरा मानणं ही दुसरी. आमच्या सोमवारच्या गोलात या दोन्ही होत्या.

आता प्रत्येक खडूस साहेबाला 'कल्ट' म्हणायची फॅशन आलीय, ती मला पटत नाही. खडूस साहेब तुमचा वेळ खातो, रजा नाकारतो, ओरडतो. पण तुम्ही मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या तरी त्याला फरक पडत नाही. ज्याला तुमचं मनही हवं असतं तो बहुतेक वेळा गोड बोलतो, वाढदिवस लक्षात ठेवतो.

इथला कायदा मन मोकळं करून देत नाही, पण दारं उघडी ठेवतो. कंपनीत पाच कायम कर्मचारी असले की त्यांना आपली कामगार परिषद निवडता येते आणि ती निवडणूक अडवणं हा गुन्हा आहे. (आमच्याकडे विषय निघाला तेव्हा उत्तर आलं, "आपण कुटुंब आहोत, मध्ये परिषद कशाला?") सोडून जाताना केलेल्या कामाचा लेखी दाखला मिळणं हा हक्क आहे आणि तो खरा हवाच, शिवाय पुढच्या नोकरीत विनाकारण आडवा येईल असा नको. त्यातही कंपन्यांनी सांकेतिक भाषा काढलीय ते सोडा. मी निघाले तेव्हा माझ्याशी कुणी बोलेना, पण दाखला मिळाला.

भारतात नेमकं सोडून जातानाच घोडं अडतं. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड, रिलीव्हिंग लेटरसाठी मारायला लागणाऱ्या चकरा, बॉण्ड. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची तीन वर्षं नोकरी करा नाहीतर दोन लाख भरा ही अट वैध ठरवली. भरतीवर जनतेचा पैसा जातो हे कारण मला समजतं. पण सरकारी बँकेला लावलेला हा न्याय पुढे कोणकोण आपल्या बॉण्डला चिकटवेल याची धास्ती वाटते. आणि सोडून जाणाऱ्याची कोंडी आपल्याला कळत नाही असंही नाही. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. जातपंचायतीच्या बाबतीत जे आपण ओळखलं, ते चकचकीत ऑफिसात शिरलं की 'पॉलिसी' होतं.

सुप्रिया सुळे यांनी 'राइट टू डिस्कनेक्ट'चं खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं, २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा मांडलं. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क हवाच. पण मला फोन बंद करायला कुणी मनाई केली नव्हती, मलाच तो बंद करायची लाज वाटायची. म्हणून त्या विधेयकात माझी एक भर: शेवटच्या दिवशी अनुभवपत्र आणि हिशेब हातात पडला पाहिजे, आणि ज्याने अडवला त्याने दिवसागणिक दंड भरावा.