ठराव, नाका आणि वडाप : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

सभागृहाचे ठराव शेजाऱ्याशी बोलणी करताना सरकारचे हात बांधतात, असं मी गेल्या लेखात म्हटलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आक्षेप तीन. परराष्ट्र धोरण पंतप्रधान आणि परराष्ट्र मंत्रालय ठरवतात, संसद नुसती बाकं वाजवते. ठराव म्हणजे कागद. आणि चीन-पाकिस्तानचा विषय निघाला तरी आम्ही बेळगाववाले गाडी महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावरच आणून लावतो. हे तिसरं त्याच सीमाभागातल्या निपाणीच्या माणसानं म्हणावं याची गंमत वाटली, पण असो.

पहिल्या आक्षेपात थोडी चूक माझीच आहे. 'शत्रुराष्ट्राशी झालेला करार संसदेनं मंजूर करावा लागतो' असं मी लिहून गेलो. तसं नाही. अमेरिकेत सिनेटची दोन तृतीयांश मतं लागतात. आपल्याकडं करार सरकार करतं आणि त्यासाठी कायदा करायची वेळ आली, तरच तो संसदेपुढं येतो. २००८ मध्ये अमेरिकेशी अणुकरारावरून एवढा गदारोळ झाला, पण तेव्हाही मतदान झालं ते सरकारवरच्या विश्वासावर, करारावर नव्हे.

पण म्हणून संसद नुसती बाकं वाजवते? बेरुबाडी घ्या. १९५८ मध्ये नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांचं ठरलं, की जलपायगुडीतल्या बेरुबाडीचा अर्धा भाग पूर्व पाकिस्तानला द्यायचा. बंगालात ओरड झाली, प्रकरण राष्ट्रपतींमार्फत सर्वोच्च न्यायालयात गेलं. मार्च १९६० मध्ये न्यायालयानं मत दिलं : देशाची जमीन परक्याला द्यायची तर घटनादुरुस्तीच हवी. आता हे आपल्या गावच्या चष्म्यातून बघा (तुमचा तिसरा आक्षेप मान्य करूनच सांगतोय). अख्खा बेळगाव जिल्हा उचलून महाराष्ट्रात घालायचा तर घटनेच्या कलम ३ खाली संसदेत साधं बहुमत पुरतं. कर्नाटक विधानसभेचं मत विचारावं लागतं, ऐकलंच पाहिजे असं नाही. बेरुबाडीच्या चार-साडेचार चौरस मैलांना मात्र घटना बदलावी लागली. ती बदलली, तरी तो तुकडा काही गेला नाही. पुढं बांगलादेशाशी १९७४ मध्ये झालेला सीमा करार संसदेतून पार पडून लागू व्हायला २०१५ उजाडलं.

न्यायालयाच्या १९६० च्या त्या मताला महिना होतो न होतो तोच चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय दिल्लीत आले. पूर्वेकडं (आजच्या अरुणाचलात) आम्ही नमतं घेतो, पश्चिमेकडं तुम्ही लडाखला लागून असलेल्या अक्साई चीनचा हट्ट सोडा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. नेहरूंना ते पटलं नाही. समजा पटलं असतं, तरी ते घेऊन कुठं जाणार होते? ऑगस्ट १९५९ मध्ये त्यांनी लोकसभेत अक्साई चीनमध्ये चीननं बांधलेल्या रस्त्याची कबुली दिल्यापासून सभागृह तापलेलं. खासदारांच्या समाधानासाठी चीनशी चाललेला पत्रव्यवहार श्वेतपत्रिकांतून छापायला सुरुवात झाली होती, आणि माझ्या मते खरी मेख इथंच आहे. पत्र जायचं बीजिंगला, पण उद्या ते आपले खासदारही वाचणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक. अशा पत्रात 'बघू, बसून बोलू' कोण लिहील हो?

मग १४ नोव्हेंबर १९६२. आक्रमकाला भारतभूमीवरून हाकलून देऊ, लढा कितीही लांबो, असा ठराव लोकसभेनं केला. आठवड्याभरात चीननं स्वतःहून युद्धबंदी जाहीर केली. ठरावामुळं एक चिनी शिपाई मागं हटला नाही, इथवर तुमचं बरोबर. पण दिल्लीला त्यानं कायमचं बांधून टाकलं. सरकार कुणाचंही असो, चीनशी सीमेवर बोलणी निघाली की विरोधकांना आधी तोच ठराव आठवतो.

उलटा फटकाही बघा. ऑगस्ट १९६३ मध्ये लोकसभेतला पहिलावहिला अविश्वास ठराव आला, आचार्य कृपलानींचा. ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला, पण चीनकडून मार खाल्ल्याशिवाय नेहरूंसमोर तो आणायला कुणी धजलं नसतं. आणि चीनच्या सभागृहाला तुम्ही रबरी शिक्का म्हणता ना? त्याच शिक्क्यानं ऑक्टोबर २०२१ मध्ये, लडाखात फौजा समोरासमोर असताना, भू-सीमा कायदा करून ठेवला. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला त्यावर हरकत नोंदवावी लागली. कागदच तो.

राहिला आत्याचा किस्सा, ज्याला तुम्ही 'भावनिक फोडणी' म्हणालात. डिसेंबर २०२२. दगडफेकीमुळं इकडची-तिकडची एस.टी. बंद. आत्या लग्नाला कोल्हापूरला निघालेली. कोगनोळी नाक्यावर उतरली आणि कुंद्याचा डबा मांडीवर धरून, दुप्पट पैसे मोजून वडापनं (माणसं भरून नेणाऱ्या खासगी गाडीनं) कागलला गेली. त्याच महिन्यात २२ तारखेला आपल्या बेळगावच्या सुवर्ण सौधात कर्नाटक विधानसभेचा ठराव झाला, इंचभर जमीन देणार नाही. २७ ला नागपुरात महाराष्ट्र विधिमंडळाचा झाला, सीमाभागातल्या ८६५ गावांची इंच न इंच घेणार. दोन्ही एकमतानं. एकही गाव हललं नाही. पण यानंतर 'चला, निपाणीपुरतं तरी बोलू' असं म्हणायची सोय कुठल्या मुख्यमंत्र्याला राहिली? दोघंही सर्वोच्च न्यायालयातल्या २००४ च्या सीमा-दाव्याकडं बोट दाखवून मोकळे.

एका देशातली दोन राज्यं शत्रू नव्हेत, एवढं मलाही कळतं सर. सभागृहाचा स्वभाव तेवढा दोन्हीकडं एकच दिसला म्हणून लिहिलं.

ते मंजुरीचं वाक्य आज रात्री दुरुस्त करतो. आत्या परत आली ती मिरजेवरून रेल्वेनं, आणि वडापचं नाव अजून काढू देत नाही.