राज्यचिन्हं आणि उंबरातली केंबरं

राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यवृक्ष आंबा, राज्यपुष्प ताम्हण. हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. 2015 मध्ये त्यात ब्लू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी, हे राज्यफुलपाखरू जोडलं गेलं. देशात असं फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य ठरलं आणि मला त्याचा खरोखर अभिमान वाटला होता.

पण ही पाच नावं एकत्र पाहिली की एक गोष्ट मनात येतेच. यातलं एकही कीटकांशिवाय उभं राहत नाही. फुलपाखरू तर स्वतःच कीटक आहे. बाकीची चार ज्यांच्या जिवावर जगतात त्यांना मात्र आपण चिलटं, माश्या, किडे म्हणून झटकतो. मानाचं स्थान कुणाला द्यायचं हे आपण रंगरूप बघून ठरवलंय, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याची किंमत आपली झाडं मोजतायत.

सुरुवात उंबरापासून करतो, कारण हरियाल आणि शेकरू दोघांचंही पोट उंबर, वड, पिंपळ, नांद्रुक या मंडळींवर बरंचसं भरतं. पिकलेलं उंबर फोडलं की आत बारीक केंबरं दिसतात आणि आपण नाक मुरडून ते टाकून देतो. उंबराचं फळ म्हणतो ते मुळात फळ नाहीच. ती आतून फुलं लगडलेली बंद कोठी आहे. शेकडो इवली फुलं आत, आणि बाहेरून आत जायला टोकाशी एकच चिंचोळी वाट. तिथे मधमाशी पोचत नाही, वारा पोचत नाही. पोचते ती जेमतेम दोन मिलिमीटरची एक गांधीलमाशी. उंबराची परागवाहक जात आहे सेराटोसोलेन फ्यूसिसेप्स.

ती मादी त्या वाटेने आत घुसते तेव्हा तिचे पंख बहुतेक वेळा तुटून पडतात, मिशाही तुटतात. परतीचा मार्ग संपलेला असतो. अंगावर आणलेला पराग ती आतल्या फुलांवर घालते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. काही आठवड्यांनी नर आधी बाहेर येतात. त्यांना पंख नसतात. माद्यांशी मीलन करायचं आणि त्यांच्यासाठी फळाच्या भिंतीला बोगदा पाडायचा, एवढंच त्यांचं आयुष्य. माद्या पराग गोळा करून त्या बोगद्यातून उडतात. त्यानंतर फळ मऊ पडतं, लाल होतं, आणि मग हरियालांचे थवे येतात, धनेश येतात, रात्री वटवाघळं आणि उदमांजरं येतात. ज्या फुलांत अंडी पडली नाहीत त्यांची बी झालेली असते. ती पक्ष्यांच्या विष्ठेतून जुन्या भिंतींच्या भेगांत आणि दुसऱ्या झाडांच्या बेचक्यांत जाऊन पडते.

जगात वड-उंबर गटाच्या 750 च्या आसपास जाती आहेत. बहुतेकींची परागवाहक गांधीलमाशी वेगळी, कुठे एक तर कुठे दोन-तीन जाती. हे नातं सात-आठ कोटी वर्षांचं आहे. कीटकांची विविधता म्हणतात ती ही. आजवर नावं दिलेले कीटक सुमारे 10 लाख, त्यातले जवळपास चार लाख नुसते भुंगेरे, भारतात 60 हजारांच्या वर. हे आकडे ऐकून आपण थक्क होतो आणि विसरतो. पण वडाचं काम उंबराची माशी करू शकत नाही, हे एकदा ध्यानात आलं की इतक्या जाती हव्यात कशाला हा प्रश्नच उरत नाही.

(जाता जाता: अंजीर मांसाहारी आहे, त्यात मेलेली माशी असते, असा मेसेज दरवर्षी फिरतो. काही जातींच्या अंजिरांना माशी लागते हे खरं. पण आपल्या पुरंदरच्या अंजिराला परागणच लागत नाही, ते त्याशिवाय धरतं. उपासाला निर्धास्त खा.)

आता मूळ मुद्दा. बाहेर पडलेली मादी जेमतेम एक-दोन दिवस जगते. एका झाडावरची उंबरं साधारण एकाच वेळी पिकतात, म्हणजे तिला अंडी घालायला त्याच झाडावर जागा नसते. नेमक्या त्या दिवसांत कोवळी उंबरं धरलेलं दुसरं झाड तिला गाठावं लागतं. वाऱ्यावर ती कित्येक किलोमीटर जाऊ शकते, पण झाड तर असायला हवं! वेगवेगळ्या महिन्यांत धरणारी पुरेशी झाडं परिसरात असली तरच ही साखळी बारा महिने चालते. उन्हाळ्यात बाकी जंगल सुकलेलं असताना पाखरांना फळ मिळतं ते याच वेळापत्रकामुळे.

म्हणून रस्ता रुंद करताना जुने वड-उंबर पाडून त्याबदल्यात अमुक इतकी रोपं लावू असं आश्वासन मिळतं तेव्हा माझा संताप होतो. आमच्या भागात असंच झालं. रुंदीकरणात मोठी झाडं गेली आणि बदल्यात दुभाजकावर शोभेची झुडपं आली. आक्षेप घ्यायला गेलो तर उत्तर मिळालं, “झाडांची संख्या वाढलीच आहे की.” संख्या वाढली, पण दुभाजकावरची झुडपं एकाही हरियालाला खाऊ घालणार नाहीत. दत्तगुरूंच्या श्रद्धेने औदुंबराला हात न लावणाऱ्या आणि वडाला सूत गुंडाळणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनी ही साखळी जितकी राखली तितकी आपल्या वृक्षगणनेच्या तक्त्यांनी राखलेली नाही. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. देवळाजवळचे आणि देवरायांतले उंबर आज उभे आहेत, रस्त्याकडेचे गेले.

आंब्याचं काय? मोहोर फुलतो तेव्हा एका तुऱ्यावर शेकडो ते हजारो फुलं असतात. बरीचशी नर, थोडी उभयलिंगी, आणि प्रत्यक्षात फळ धरतं ते मोजक्याच फुलांचं. हे काम मधमाश्या करतात, पण मोठा वाटा माश्यांचा आहे. साध्या माश्या, निळ्या-हिरव्या चकाकणाऱ्या माश्या, फुलांवर तरंगत राहणाऱ्या पट्टेरी माश्या. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेत काही आंबा बागायतदार माश्या याव्यात म्हणून बागेत मुद्दाम सडकं मांस टांगत, इतकी त्यांना माशीची कदर होती. आणि त्या पट्टेरी माश्यांपैकी अनेकींच्या अळ्या मावा खातात. म्हणजे एकच कीटक लहानपणी राखण करतो आणि मोठा झाल्यावर सेटिंग, म्हणजे फळधारणा, करतो.

तुडतुड्याने मोहोर करपलेला मीही पाहिलाय. फवारणीच नको असं कोकणातल्या बागायतदाराला सांगण्याचा मला अधिकार नाही, वर्षाचं उत्पन्न त्या तुऱ्यांवर असतं. पण मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक मारू नये, हे शास्त्रज्ञही सांगतात. तरी शेजाऱ्याने मारलं म्हणून आपणही मारायचं, औषधात औषध मिसळून मारायचं, हे चालूच आहे. मग सेटिंग झालं नाही की दोष हवामानाला. हवामान बिघडलंय यात वाद नाही, पण त्या आठवड्यात कलमांवर माशी तरी होती का, हे कुणी बघत नाही. फवारा नुसत्या किड्यांवर थांबत नाही, हेही आपल्याला ठाऊक आहे. 2017 मध्ये यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती माणसं आपण इतक्या लवकर विसरायला नको होती.

ताम्हणाच्या फुलात मध नसतो, द्यायला फक्त पराग असतो आणि तो न्यायला मधमाश्या आणि काळे भुंगे येतात. राणी पाकोळीची अळी लिंबूवर्गीय झाडांचा पाला खाते. माकडलिंबूचा, पपनसाचाही. लहानपणी ती हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते. फुलपाखराचे फोटो स्टेटसला लावणारी माणसं कुंडीतल्या लिंबावर ती अळी दिसली की स्प्रे आणतात. चार पानं तिला खाऊ द्या ना, झाडाला पुन्हा पालवी फुटतेच.

अजून एक सांगायचंय. मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल, हे वाक्य आइन्स्टाइनच्या नावावर फिरतं. त्याने ते कधी म्हटल्याचा पुरावा नाही, आणि ते खरंही नाही. गहू, ज्वारी, भात वाऱ्यावर किंवा स्वतःच्याच परागावर भागवतात. भाकरी मिळेल. पण सगळेच परागवाहक कीटक संपले तर भोपळा, दोडका, कारलं, कलिंगड, आंबा यांची आशा सोडावी लागेल. रानातल्या पाखरांना तर भाकरीचाही आधार नाही. खरी गोष्ट पुरेशी गंभीर असताना खोटं वाक्य कशाला पसरवायचं? आणि मधमाशी हा एकच कीटक वाचवायचा, अशी समजूत त्यातून होते ती वेगळीच. महाबळेश्वरजवळच्या मांघरला 2022 मध्ये मधाचं गाव जाहीर केलं, चांगलंच झालं. पण मधाच्या पेट्या ठेवून उंबराचं परागण होणार नाही.

जर्मनीत क्रेफेल्डच्या हौशी कीटक अभ्यासकांनी वर्षानुवर्षं सापळे लावून सापडलेले कीटक वजन करून ठेवले. 2017 मध्ये तो हिशेब प्रसिद्ध झाला. संरक्षित क्षेत्रांतही 27 वर्षांत उडणाऱ्या कीटकांचं वजन 75 टक्क्यांहून जास्त घटलं होतं. हे जगाला कळलं, कारण कुणीतरी चिकाटीने नोंद ठेवली. आपल्याकडे शाळा आहेत, कॉलेजं आहेत, गावोगाव उत्साही पोरं आहेत. सापळे नकोत, झाडांपासून सुरुवात करू.

तुमच्या घराजवळ, शाळेजवळ, शेताच्या बांधावर उंबर असेल तर त्याला कोवळी फळं कधी धरली, पिकली कधी आणि खायला कोण आलं, एवढं खाली कमेंटमध्ये लिहा. गाव आणि महिना लिहायला विसरू नका. मी त्याचा तालुकावार तक्ता करतोय. पुढच्या रुंदीकरणाच्या सुनावणीला तो घेऊन जाणार आहे.