नंबर जुळला, रंग चकाकला. पण गाडी अस्सल आहे का?

जुन्या अमेरिकन मसल कारच्या (म्हणजे दणकट इंजिनाच्या वेगवान गाड्यांच्या) शौकिनांमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. डॅशवरचा चासी नंबर इंजिनवरच्या आकड्यांशी जुळला की गाडी अस्सल. रिस्टोरेशन, म्हणजे जुनी गाडी पुन्हा नव्यासारखी करणं, जितकं चकचकीत आणि महाग तितकी किंमत जास्त. आणि मूळ इंजिन नसेल तर गाडी भंगार. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि त्यांच्यावर विसंबून लोक आयुष्यभराची पुंजी एका गाडीत घालतात. उदाहरण 1969 च्या शेव्हरोले कमॅरो झेड/28 चं घेतो, कारण हिच्या नकला उदंड आहेत.

खरा घोळ नंबरांचाच आहे. झेड/28 हे ऑर्डर देताना निवडायचं पॅकेज होतं, त्यामुळे चासी नंबरात त्याची खूणच नाही. नंबर 12437 ने सुरू होत असेल तर गाडी व्ही-8 कूपे (आठ सिलिंडरचं इंजिन, दोन दारं, पक्कं छत) आहे, एवढंच कळतं. त्या वर्षी 20,302 झेड/28 बनल्या. कमॅरो एकूण 2,43,085. उरलेल्यांतल्या कुठल्याही व्ही-8 कूपेवर पट्टे ओढून बॅज लावता येतो.

आता इंजिन. झेड/28 च्या 302 घनइंची इंजिनाच्या पुढच्या बाजूला, प्रवाशाकडच्या (अमेरिकन गाडीत उजव्या) सिलिंडर हेडसमोर, एक सपाट पट्टी असते. तिच्यावर V0315DZ अशा धाटणीचा शिक्का असतो: V म्हणजे फ्लिंटचा कारखाना, 0315 म्हणजे 15 मार्च आणि DZ म्हणजे झेड/28 चं 302. चासी नंबराचे शेवटचे आकडेही ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या ओतीव सांगाड्यावर, ठोकलेले असतात. हे सगळं घासून नव्याने पंच करता येतं, आणि केलं जातं. म्हणून आकड्यांपेक्षा त्यांच्या खालचा पृष्ठभाग बघायचा. कारखान्यात ब्लॉकचा माथा ब्रोचिंगने, म्हणजे दातेरी हत्यार सरळ ओढून, तासला जायचा. त्या बारीक समांतर रेषा पुढून मागे जातात. पट्टी गुळगुळीत असेल किंवा रेषा पॉलिश पेपरने ओढल्यासारख्या आडव्यातिडव्या असतील, तर शंका घ्या. (इंजिन पुन्हा बांधताना ब्लॉकचा माथा नव्याने तासला तरी रेषा जातात. त्यात लबाडी असेलच असं नाही, पण मग पुरावा दुसरीकडे शोधावा लागतो.) शिवाय तारखांचा क्रम बघा: आधी ब्लॉक ओतला, मग इंजिन जोडलं, मग गाडी बनली. एप्रिलमध्ये ओतलेला ब्लॉक मार्चच्या गाडीत कसा असेल? आणि 3956618 हा ब्लॉकचा ओतीव क्रमांक दाखवून कुणी खात्री देत असेल तर ऐकू नका. तोच क्रमांक 350 घनइंची इंजिनांच्या ब्लॉकवरही आहे.

चासी नंबराचा काही भाग बॉडीवर लपलेल्या दोन जागीही ठोकलेला असतो: पुढच्या काचेखालच्या काउल पॅनलच्या आत आणि फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवर) हीटरच्या डब्यामागे. डॅशवरची पट्टी दुसऱ्या गाडीवरून उचललेली असेल तर चोरी इथे पकडली जाते. तीच फायरवॉल आणखीही बोलते. झेड/28 ला एसी मिळत नव्हता, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही नाही. एसीच्या डब्यासाठी कापलेली जागा वेल्ड करून बुजवलेली दिसली, तर ती गाडी कारखान्यातून झेड/28 म्हणून निघालेली नाही.

चकाकीबद्दल फार बोलायला नको. जनरल मोटर्स तेव्हा ॲक्रिलिक लॅकर मारत असे, आणि दारांच्या फटी कमी-जास्त असत. आजच्या क्लिअर कोटची (रंगावरच्या पारदर्शक थराची) आरशासारखी गाडी देखणी असते, पण तशी ती 1969 मध्ये कधीच नव्हती. 1969 च्या कमॅरोची अख्खी बॉडी आज नवी विकत मिळते, त्यामुळे चकचकीत गाडीत त्या सालचा पत्रा किती उरलाय हा प्रश्न आधी विचारा. रिस्टोरेशनची बिलं विक्रीच्या किमतीत वसूल होतीलच असं नाही. उलट, मूळ रंगाची विटलेली गाडी जाणकार आवर्जून शोधतात, कारण तिच्यावरचे पुरावे कुणी घासून काढलेले नसतात.

राहिलं ‘भंगार’. झेड/28 चं इंजिन ट्रान्स-ॲम या अमेरिकन शर्यतीच्या 5 लिटरच्या मर्यादेत बसावं म्हणून 4 इंच बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 3 इंच स्ट्रोकचं (पिस्टनची धाव) बनवलं होतं. ते उंच आरपीएमवर पिळलं जायचं, आणि फुटायचंही. वॉरंटीत मिळालेल्या बदली ब्लॉकवर CE असा शिक्का असे. अशा गाडीचा गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, पत्रा आणि कागद तिचेच असतील, तर ती खरी झेड/28 आहे. मूळ इंजिनवालीपेक्षा स्वस्त, पण नकलेपेक्षा कितीतरी मोलाची.

कागदांचं महत्त्व शेव्हरोलेच्या बाबतीत जास्तच आहे. 1967 पासूनच्या फोर्डचा कारखान्याचा तपशील विकत मिळतो, पाँटिॲकची मूळ बिलंही मिळतात. अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेव्हरोलेची अशी सोय नाही. कॅनडात विकलेल्यांची आहे. त्यामुळे डीलरचं बिल, वॉरंटी पुस्तिकेतली धातूची पट्टी, जुन्या मालकांची साखळी, सगळं एकमेकांशी ताडून बघावं लागतं. ती पट्टीसुद्धा नकली मिळते.

नक्कल म्हणून उघड सांगून विकलेली गाडी खुशाल घ्या, फक्त भाव नकलेचाच द्या. आणि अस्सल म्हणून विकणारा हीटरचा डबा खोलू देत नसेल, तर सौदा तिथेच थांबवा.