पुरस्कार, वार्ताहर आणि ‘एकहाती’ हा शब्द : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अ‍ॅना वर्नर या अमेरिकन दूरचित्रवाणी वार्ताहराच्या कारकिर्दीवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : दूरचित्रवाणीचे पुरस्कार वाहिन्या स्वतःच शुल्क भरून आणि अर्ज करून मिळवतात, एका बातमीमागे अनेक माणसे राबत असताना मी शीर्षकात ‘एकहाती’ म्हणत सारे श्रेय पडद्यावरच्या एका चेहऱ्याला दिले, आणि स्थानिक वार्तांकन इतके मोलाचे असेल तर वर्नर स्वतः राष्ट्रीय वाहिनीत का गेल्या, या प्रश्नाला मी बगल दिली. यांपैकी दुसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, पहिला बऱ्याच अंशी मान्य आहे आणि तिसऱ्याबाबत माझे मत वेगळे आहे.

पुरस्कारांविषयी आपण जे लिहिले आहे ते खरे आहे. अमेरिकेत स्थानिक वार्ताहराच्या परिचयात ‘एमी विजेते’ असे शब्द दिसतात तेव्हा एमी हा दूरचित्रवाणी पुरस्कार बहुधा प्रादेशिक शाखेचा असतो. त्यासाठी शुल्क भरून प्रवेशिका पाठवावी लागते, एका प्रवेशिकेवर अनेकांची नावे असू शकतात, आणि परीक्षकांना योग्य वाटल्यास एकाच वर्गात एकापेक्षा अधिक विजेते ठरतात किंवा एकही ठरत नाही. त्यामुळे अमुक जणाकडे अमुक एमी आहेत एवढ्यावरून कामाची प्रत कळत नाही. जॉर्जिया विद्यापीठाकडून दिल्या जाणाऱ्या पीबडी पुरस्कारासाठीही प्रवेशिका पाठवावीच लागते. मात्र तेथे परीक्षक मंडळाचे एकमत लागते, एवढा फरक आहे. वर्नर यांनी मांडलेल्या ‘टायर’ प्रकरणाला तो पुरस्कार मिळाला होता आणि मी लेखाची सुरुवात त्यापासूनच केली, ही माझी चूक झाली. सुरुवात टायरपासून करायला हवी होती.

म्हणून आता पुरस्कार बाजूला ठेवून तेच प्रकरण पुन्हा मांडतो. फेब्रुवारी २००० मध्ये ह्यूस्टनच्या केएचओयू या वर्नर यांच्या तेव्हाच्या स्थानिक वाहिनीने सुमारे नऊ मिनिटांची एक बातमी दाखवली. फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांना बसवलेल्या फायरस्टोन टायरचा रस्त्याला टेकणारा थर भर वेगात सुटून येतो आणि गाडी उलटते, अशा अपघातांची ती मालिका होती. ही माहिती तोवर कोणाकडेच नव्हती असे नाही. स्टेट फार्म या विमा कंपनीतील सॅम बॉयडन या संशोधकाने जुलै १९९८ मध्येच अशा २१ घटना महामार्ग सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेला कळवल्या होत्या, पण त्यांवरून चौकशी सुरू झाली नाही. न्यायालयांत दावे चालू होते; मात्र असे दावे अनेकदा गोपनीयतेच्या अटीवर मिटतात आणि एका कुटुंबाला जे कळले ते शेजारच्या कुटुंबाला कळत नाही. वर्नर यांना धागा मिळाला तो एका वकिलाशी बोलताना. नुकसानभरपाई मागणाऱ्यांच्या बाजूने लढणाऱ्या वकिलाचा अशा बातमीत स्वार्थ असतो, हेही नोंदवून ठेवतो, कारण माझ्या लेखात ते आले नव्हते.

बातमीनंतर जे घडले ते मला बातमीइतकेच महत्त्वाचे वाटते. कंपनीने काही दिवसांतच वाहिनीला पत्र पाठवून बातमीत असत्य आणि विपर्यास असल्याचा आरोप केला. त्याच वेळी प्रेक्षकांचे फोन येऊ लागले, आमच्याही गाडीचे असेच झाले म्हणून. आणि या लोकांना सरकारी यंत्रणेकडे तक्रार कशी नोंदवायची हे समजल्यावर तिकडचा ओघ वाढला. मे महिन्यात अधिकृत चौकशी सुरू झाली, ऑगस्टमध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवण्यात आले आणि १ नोव्हेंबर २००० रोजी टायर व वाहन उत्पादकांवर दोषांची माहिती आधीच कळवण्याचे बंधन घालणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी झाली. या टायरशी जोडलेल्या मृत्यूंचा अमेरिकेतील सरकारी आकडा शेवटी २७१ वर गेला. विमा कंपनीतील संशोधकाचा निरोप कार्यालयात पडून राहिला आणि नऊ मिनिटांच्या बातमीने यंत्रणा हलली. वार्ताहर अधिक हुशार होती म्हणून हे झाले, असे मी म्हणणार नाही. बातमी पाहणाऱ्या माणसाला फोन कोठे करायचा हे माहीत होते, म्हणून ते झाले.

आपल्या हाती आणखी एक अस्त्र देतो, जे आपण वापरलेले नाही. अमेरिकेत फेब्रुवारी, मे, जुलै आणि नोव्हेंबर हे ‘स्वीप्स’चे महिने मानले जात, त्या काळातील प्रेक्षकसंख्येवर जाहिरातींचे दर ठरत, आणि म्हणून वाहिन्या आपला सर्वांत जोरकस माल त्याच महिन्यांसाठी राखून ठेवत. टायरची बातमी फेब्रुवारीतली आहे. ह्यूस्टन पोलिसांच्या गुन्हे प्रयोगशाळेतील डीएनए तपासण्यांवरची त्याच वाहिनीची मालिका नोव्हेंबर २००२ मधली आहे. या तारखांकडे पाहून कोणी नाक मुरडले तर मी त्याला दोष देणार नाही.

परंतु त्या नोव्हेंबरमधल्या मालिकेचे पुढे काय झाले तेही पाहावे. वाहिनीने प्रयोगशाळेचे अहवाल आणि न्यायालयातील साक्षी बाहेरच्या तज्ज्ञांना दाखवल्या होत्या. ती मालिका येणार असल्याचे एका आईने पाहिले. तिचा मुलगा अटकेच्या वेळी १६ वर्षांचा होता आणि डीएनए अहवालाच्या आधारावर त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली होती. तिने वाहिनीला ई-मेल पाठवला. उत्तर आले ते वर्नर यांच्याकडून नव्हे, तर शोधपत्रकारिता विभाग सांभाळणारे निर्माते डेव्हिड रझीक यांच्याकडून. कागदपत्रे तपासली गेली, डीएनएची पुन्हा चाचणी झाली आणि मार्च २००३ मध्ये तो तरुण तुरुंगाबाहेर आला. दरम्यान त्या प्रयोगशाळेचा डीएनए विभाग बंद करण्यात आला होता.

येथेच आपला दुसरा आक्षेप पूर्णपणे लागू पडतो. रझीक नसते तर तो ई-मेल कोणी उघडला असता, हे सांगता येत नाही. आणि टायरच्या बातमीत छायाचित्रण करणारे ख्रिस हेनाओ यांचे नाव मी एकदाही घेतले नव्हते. दूरचित्रवाणीचा वार्ताहर कॅमेऱ्यापुढे उभा राहून शेवटची चार वाक्ये बोलतो, म्हणून सारी बातमी त्याचीच आहे असा आपला सर्वांचा समज होतो. मी तो समज तपासून न पाहता पुढे नेला.

आपण जाता जाता जेराल्डो रिव्हेरा या दूरचित्रवाणी वार्ताहराचा दाखला दिला आहे, त्याबद्दल थोडेसेच. न्यूयॉर्कच्या स्थानिक वाहिनीसाठी १९७२ मध्ये त्यांनी विलोब्रूक येथील मतिमंद मुलांच्या संस्थेची दैना दाखवली आणि पीबडी मिळवला. त्याच माणसाने १९८६ मध्ये कुप्रसिद्ध गुंड अल कपोनचे रिकामे तळघर थेट प्रक्षेपणात उघडले. पुरस्काराला कारकिर्दीची हमी मानू नये, हे यातून निश्चित सिद्ध होते. पण विलोब्रूकविषयी स्थानिक वृत्तपत्राने आधीच लिहिले होते, आणि तरीही ती दृश्ये पाहिल्यावर जनमत पेटले, १९७५ मध्ये न्यायालयीन तडजोड झाली व १९८७ मध्ये संस्था बंद झाली. तळघर रिकामे निघाले म्हणून हे पुसले जात नाही.

आता तिसरा आक्षेप. प्रेक्षकमोजणीसाठी अमेरिकेचे २१० भाग म्हणजे ‘बाजार’ पाडलेले आहेत आणि तरुण वार्ताहर तळाच्या लहान बाजारातून दोन-तीन वर्षांच्या करारांनी एकेक पायरी वर चढत जातो. पगार त्या चढणीबरोबरच वाढतो. कोणत्या न्यायालयातला कारकून फाईल दाखवतो, कोणता अधिकारी फोन उचलतो, हे कळू लागते त्याच सुमारास करार संपतो. वर्नर ह्यूस्टनहून सॅन फ्रान्सिस्कोच्या स्थानिक वाहिनीत आणि पुढे सीबीएसच्या राष्ट्रीय वृत्तविभागात गेल्या, यावरून स्थानिक काम त्यांना दुय्यम वाटले असा निष्कर्ष मला काढता येत नाही. पगार आणि पल्ला दोन्ही जेथे मोठे आहेत तेथे माणूस जातो. मात्र राष्ट्रीय वाहिनीला ई-मेल पाठवणाऱ्या आईला त्याच आठवड्यात उत्तर येईल का, याबद्दल मला शंका आहे, आणि स्थानिक वार्तांकन मोलाचे आहे हे माझे मत या शंकेवरच उभे आहे.

असे असूनही माझ्या लेखात ‘अखेर त्या राष्ट्रीय वाहिनीत पोहोचल्या’ असे वाक्य होते. त्यातला ‘अखेर’ माझ्याच म्हणण्याच्या विरोधात जातो, म्हणून तो काढला आहे. रझीक आणि हेनाओ यांची नावे दुसऱ्या परिच्छेदात घातली आहेत, आणि शीर्षकातील ‘एकहाती’ हा शब्दही आता नाही.